काही काम नसताना कुठं जायचं?

मैत्रिणींनो, रात्रीच्या मुक्कामाला तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी गेला होतात? लग्नकार्य, बाळंतपण, दवाखाना आणि देवदर्शन सोडून सांगा हं! सांगलीतल्या आमच्या महिला मंडळात मी हे विचारलं, तेव्हा आधी हशा पिकला आणि मग सगळ्या गप्प झाल्या. शेवटी एक जण म्हणाली, "पण काकू, काही काम नसताना कुठं जायचं?"

हेच वाक्य एकेकाळी मीही बोलले होते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमला होतो. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ झाली की शेजारीपाजारी गाडीत बॅगा टाकून खेड्याकडे निघत. एकदा आम्हीही निघालो, वेल्सच्या सरहद्दीवरच्या हे-ऑन-वाय या गावाला. "तिथं काय आहे? देऊळ?" हा माझा पहिला प्रश्न. वाय नदीच्या काठचं ते अगदी लहानसं गाव, पण गल्लोगल्ली जुन्या पुस्तकांची दुकानं. रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पुस्तकांचं दुकान काढलं आणि १ एप्रिल १९७७ ला स्वतःला चक्क गावाचा राजा म्हणून जाहीर केलं! वेडा म्हणा हवं तर, पण त्याच्या वेडानं गावाचं नाव जगभर झालं. किल्ल्याच्या आवारात तर उघड्यावरच पुस्तकांच्या फळ्या. दुकानदार कुणी नाही. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे.

मी मात्र पहाटे पाचला उठून दशम्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. सवय जाते का? दुसऱ्या दिवशी सकाळी, उतरलो होतो त्या घरी आयता नाश्ता पुढ्यात आला. तो केला होता घरच्या आजोबांनी, आणि आजी खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या! मला इतकं अवघडल्यासारखं झालं की उठून बशाच गोळा करायला लागले. आजींनी हातानंच खूण केली, बस म्हणून. मग नदीकाठच्या बाकावर तासभर नुसती बसून राहिले. मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, पण लग्नानंतर सलग तासभर पुस्तक वाचल्याचं मला आठवेना.

तिकडचं सगळंच चांगलं, असं मला म्हणायचं नाही. रविवारी दुपारी एकटीच खिडकीत बसलेली म्हातारी माणसंही मी तिथं खूप पाहिली.

पुढे ४ मे २०१७ ला आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या भिलारला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. कल्पना त्या हे-ऑन-वायवरूनच घेतलेली. फरक इतकाच, की तिकडे पुस्तकं विकतात आणि भिलारला ती लोकांच्या राहत्या घरांत ठेवलीत. कुठं कविता, कुठं संतसाहित्य, कुठं बालसाहित्य. कुणीही यावं, फुकट वाचत बसावं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावानं परक्यासाठी घराचं दार उघडायचं, हे मला त्या इंग्रज राजापेक्षा थोर वाटतं.

फेब्रुवारीत आम्ही चौदा जणी एसटीनं गेलो. सातारा, वाई, मग पसरणीचा घाट. एका घरात ओटीवर कपाट होतं, आत लगबग चाललेली. चहा घेऊन आलेल्या ताईंना मी विचारलं, "यातलं तुम्ही काय काय वाचलंत?" त्या हसल्या. "कुठलं वाचतीय! माणसं आली की चहा, जेवण. रात्री पाठ टेकली की डोळा लागतोय. पोरगी वाचती माझी."

मला ते फार लागलं. हल्ली कृषी पर्यटनाचा बोलबाला आहे. राज्य सरकारनं २०२० साली त्याचं धोरणही आणलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण पाटीवर 'चुलीवरची भाकरी' लिहिलेलं दिसलं की मी विचारते, धूर कुणाच्या डोळ्यात जातो? भाकरीचे पैसे कुणाच्या हातात पडतात? आणि पाहुणी म्हणून आलेली बाई तरी कुठं मोकळी असते? तिच्या पिशवीत मुलांचा खाऊ, सासऱ्यांच्या गोळ्या, जावेसाठी स्ट्रॉबेरीचा डबा. म्हणजे एका बाईची सुट्टी दुसरीच्या राबण्यावर आणि ती सुट्टीही अर्धीच! पुरुष मात्र दोन्हीकडे खुर्चीत.

आमच्यातल्या दोघी उठल्या आणि ताईंची भांडी घासायला बसल्या. तेवढ्यात ताईंनी कपाटातलं एक पुस्तक काढलं, पंधरा-वीस मिनिटं ओटीवर बसून वाचलं. पुन्हा बायकाच कामाला लागल्या, हे मलाही कळतंय. ताईंचे यजमान अंगणातच होते, त्यांना हाक मारायला हवी होती. सुचलं ते परतताना, घाटात.

येत्या फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरतंय, या वेळी मुक्कामाला. तीन अटी घातल्यात. कुणी डबा आणायचा नाही, घरी दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायचा नाही, आणि जिथं उतरू तिथं जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्याच हातात द्यायचे. आतापर्यंत नऊ जणींनी नावं दिलीत. बाकीच्या म्हणाल्या, "घरी विचारून सांगते."