मोहल्ला फक्त रमजानपुरता नसतो

रमजानचा चांद दिसायला आठवडा उरला की माझ्या फोनवर एकच मागणी सुरू होते. 'मोहम्मद अली रोडला कुठं काय खायचं, यादी पाठव.' मागणारे शाळेतले मित्र असतात, ऑफिसातले सहकारी असतात, पुण्या-नाशिकहून येणारे ओळखीचे असतात. मी डोंगरीत वाढलो आणि आता मीरा रोडला राहतो, त्यामुळे माझी शिफारस खात्रीची असं त्यांना वाटतं. त्यात गैर काही नाही. यादी मी दरवर्षी पाठवतो. यंदा यादीसोबत थोडं भांडणही पाठवतो आहे.

आधी यादी. भेंडीबाजारच्या नाक्यावर नूर मोहम्मदी हॉटेल आहे, १९२३ पासूनचं. तिथं नल्ली निहारी खा. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, वर आल्याच्या काड्या, लिंबू आणि गरम रोटी. मकबूल फिदा हुसेन यांनी या हॉटेलासाठी चित्र काढून दिलं होतं. यावरून तिथं कोण कोण जेवून गेलं असेल याचा अंदाज करा. बोहरी मोहल्ल्यात 'बारा हंडी' मिळते. नळी, पाया, भेजा, पिचोटा असे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या हंड्यांत शिजतात आणि गिऱ्हाईक सांगेल तसे एकमेकांत मिसळून वाढतात. हा मुळात सकाळी खायचा पदार्थ, मेहनतीचं काम करणाऱ्यांचा. त्याच बाजूला ताज आइस्क्रीम आहे, १८८७ सालचं. सीताफळ किंवा आंबा घ्या. अजूनही संच्यात हातानं फिरवून करतात, त्यामुळे दाताला फळ लागतं. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे मालपुवा, मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी आणि घरी न्यायला अफलातून. परतीच्या वाटेवर क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा.

झाली यादी. आता भांडण.

तुम्ही येता ते वर्षातल्या तीस रात्री. तेही तरावीहच्या नमाजनंतर, दिव्यांच्या झगमगाटात, मोबाइल उंच धरून. उरलेले अकरा महिने तुम्ही आमच्या डोक्यावरून जाता. हे अलंकारिक बोलणं नाही. २००२ मध्ये जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत दोन किलोमीटरहून लांब उड्डाणपूल झाला आणि त्या दिवसापासून अर्ध्या मुंबईला खालच्या रस्त्यावर उतरायचं कारण उरलं नाही. पुलावरून दिसतात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे आणि डोळ्यांच्या उंचीवर आलेले मिनार. चार मिनिटांत सगळं मागे पडतं.

या पुलाचं अधिकृत नाव किती जणांना ठाऊक आहे? 'कुतुब-ए-कोकण मकदूम अली माहिमी उड्डाणपूल.' मकदूम बाबा माहीमचे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. आजही त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल निघतो. कोकणातल्या एका आलिमाचं नाव पुलाला दिलं, आणि सगळे त्याला 'जे. जे. ब्रिज' म्हणतात. आम्हीसुद्धा.

'तो भाग मराठी नाही' हे वाक्य मी मराठी मित्रांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता वादही घालत नाही. सांगतो, एकदा माझ्याबरोबर चाला. रमजानमध्ये नको. एखाद्या मंगळवारी सकाळी दहाला मस्जिद स्टेशनवर उतरा. या स्टेशनच्या नावातली 'मस्जिद' आमची नाही, असं सांगतात. जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. लोक त्याला 'मशीद' म्हणायचे, आणि तेच नाव स्टेशनला चिकटलं. दिवेकर बेने इस्रायली. म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं ज्यू प्रार्थनास्थळ मराठी माणसानं बांधलं, आणि ते आमच्या शेजारी आहे.

तिथून मिरची गल्ली. शिंका आल्या तर तोंडाला रुमाल लावा, पण परत फिरू नका. घरच्या वर्षभराच्या मसाल्याची मिरची, धणे, दगडफूल निवडून घ्यावं ते इथंच. सुकामेवा आणि खजूरही याच पट्ट्यात. मग मोहम्मद अली रोड ओलांडून झवेरी बाजाराकडे वळा. जामा मशीद लागेल, १८०२ ची. ती एका तळ्यावर उभी आहे. खांब पाण्यात, वजूसाठी तेच पाणी आणि पाण्यात मासे. पिढ्यान्‌पिढ्या तिचा कारभार कोकणी मुसलमानांच्या जमातीकडे राहिला आहे. इथून काही मिनिटांवर मुंबादेवी, जिच्यावरून शहराला नाव मिळालं. आणखी थोडं चाललात की पायधुनी. समुद्राचं पाणी कधीकाळी इथवर यायचं आणि पलीकडून येणारा माणूस पाय धुऊन शहरात शिरायचा, म्हणून पायधुनी. आता तिथं जैन मंदिरं आहेत, मशिदी आहेत, आणि शेजारच्या तांबा काट्याला भांड्यांची दुकानं. आमच्या घरातली बिर्याणीची डेग तिथूनच आली होती. कल्हई करून घ्यायलाही अब्बा तिथंच न्यायचे.

या सगळ्या भागात माझी दादी साठ वर्षं वावरली. तिला उर्दू धड येत नव्हतं. ती कोकणी बोलायची, नळबाजारातल्या कोळणीशी बोंबलाच्या वाट्यावरून हुज्जत घालायची आणि शेवटी तिच्याच लेकीच्या लग्नाची चौकशी करून घरी यायची. रत्नागिरीतल्या खाडीकाठच्या आमच्या गावाची डोंगरीत जमातीची खोली होती. जहाजावर नोकरीला निघालेले खलाशी तिथं ट्रंका ठेवायचे, फेरीवरून परतले की गावची गाडी मिळेपर्यंत तिथंच झोपायचे. गावात कुणाचं लग्न ठरलं की बस्ता मंगलदास मार्केटात. लग्नघरातली मंडळी दिवसभर कापड बघून दमली की पायधुनीला चहा.

आणि गाणं? भेंडीबाजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टॅक्सी आणि गर्दी येते. १८९० च्या सुमारास मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथं राहिले, म्हणून ख्यालाच्या एका घराण्याचं नाव भेंडीबाजार घराणं. त्याच घराण्यातल्या अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. मराठी घरांत सकाळी रेडिओवर जो गळा ऐकून दिवस सुरू व्हायचा, त्याच्या तालमीत या मोहल्ल्याचा वाटा आहे.

दुपारनंतर चोर बाजार. मटन स्ट्रीटवर जुनी घड्याळं, ग्रामोफोन, सिनेमाची पोस्टरं, जहाजांवरून उतरलेले दिवे. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अजून पाय चालत असतील तर डोंगरीत इमामवाड्याकडे या आणि १८६० ची मुगल मशीद बघा. इराणी व्यापाऱ्यानं बांधलेली. निळ्या टाइल्सचा दर्शनी भाग असा आहे की गर्दीच्या रस्त्यात माणूस थबकतो. माझं सगळ्यात आवडतं ठिकाण विचाराल तर निहारीच्या आधी मी हिचं नाव घेईन. शाळा सुटल्यावर आम्ही मुलं तिच्यासमोरून जाताना आपोआप हळू बोलायचो.

एवढं सगळं का सांगतो आहे? कारण मला एका गोष्टीचा त्रास होतो. आमचं जेवण शहराला हवं आहे, आमचा शेजार नको आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर या भागातली आणि बाहेरच्या मिश्र वस्त्यांतलीही अनेक मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. काही भीतीनं गेली, काही जागा पुरत नव्हती म्हणून. नंतर नोकरी लागली, पगार वाढला, मुलांच्या शाळेजवळ घर बघावं म्हणून फोन केले. व्यवहाराचं सगळं जुळायचं. मग नाव विचारलं जायचं, आणि 'मालकाशी बोलून कळवतो' म्हणणारा एजंट पुन्हा कधी कळवायचा नाही. एका सोसायटीतल्या गृहस्थांनी तर मला अगदी प्रेमानं सांगितलं की आम्ही दरवर्षी रमजानमध्ये खायला तिकडे येतो हं, पण सोसायटीचे नियम आहेत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला जास्त लागलं ते हेच. मालपुवा आवडणं आणि मालपुवा खाणाऱ्याला शेजारी घर मिळणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

थोडं आमच्याशीही भांडतो. मोहल्ला सोडून गेलेले आम्ही लोक आता तिथले पाहुणेच झालो आहोत. ईदच्या खरेदीला जायचं, जुन्या गल्लीत फोटो काढायचा, 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही' म्हणत परत लोकल पकडायची. जुन्या इमारती पाडायला नको, त्यांत किती आठवणी आहेत, असं बोलणारे बहुतेक तिथं न राहणारेच असतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण गेले. जुलै २०१९ मध्ये डोंगरीतली केसरबाई इमारत पडली, त्यातही डझनभराहून अधिक जीव गेले. ज्यांच्या जिन्याला टेकू लावलेले आहेत, ज्यांना सामाईक संडासासाठी रात्री मजला उतरावा लागतो, त्यांना वारशाचं प्रवचन देण्याचा हक्क आम्हाला नाही.

भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या ट्रस्टनं सोळा एकरांहून मोठ्या जागेवर पुनर्विकास हाती घेतला आहे. सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी उंच टॉवर, रुंद रस्ते. लोकांना स्वतःच्या मालकीची, स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेली पक्की घरं मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझा आग्रह एवढाच की या भागात जिथं जिथं बांधकाम होईल, तिथं तळमजल्यावर छोट्या दुकानदाराला जागा परत मिळाली पाहिजे, आणि बांधकाम सुरू असतानाच्या वर्षांत त्याचा धंदा मरता कामा नये. कल्हईवाला, रफूवाला, इत्रवाला, सुरीला धार लावणारा यांना मॉलमध्ये गाळा परवडत नाही. ते गेले की उरेल फक्त खाऊगल्ली. मग तीस रात्रींची जत्रा आणि अकरा महिन्यांचा पार्किंग लॉट.

म्हणून यंदा यादी मागणाऱ्यांना माझं सांगणं असं. इफ्तारनंतर जरूर या, पोटभर खा. पण ईद झाल्यावर एकदा दिवसाउजेडी या, कापडी पिशवी घेऊन. मिरची घ्या, भांडं घ्या, जुनी घड्याळं बघा, दुकानदाराशी मराठीत बोला. बरेच जण मराठीत उत्तर देतील आणि तुम्हालाच नवल वाटेल. मोहल्ल्यातल्या माणसांना मोबाइलच्या चौकटीत धरण्याआधी विचारा. ते तिथं राहतात, तुमच्यासाठी उभे केलेले नाहीत.

आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत कुणी 'अमुक लोकांना जागा द्यायची नाही' असं म्हणालं, तर निहारीची आठवण ठेवून हात वर करा आणि ते चुकीचं आहे असं बोला. रमजानमध्ये माझ्याकडून यादी मागण्यापेक्षा मला त्याचा जास्त आनंद होईल. यादी तर मी तशीही पाठवीनच.