तारीख आधी, आग्रह नंतर

घर पुण्यातलं, लग्न दक्षिण गोव्यात, आणि तारीख कळवायची आठ महिने आधी. ‘सेव्ह द डेट’ नावाचं हे कार्ड आता मराठी घरांतही रुळायला लागलं आहे. मुलांना ते हवंच असतं. घरातल्या मोठ्यांना त्यात काहीतरी खटकतं. बोलणी विकोपाला जात नाहीत, पण स्वयंपाकघरात दोन दिवस अबोला राहतो.

मोठ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि कुलदैवतापुढे ठेवतात, मग अक्षत घेऊन घरोघरी आमंत्रणं होतात. त्याच्या कितीतरी आधी वधूवरांचा समुद्रकाठचा फोटो दोनशे फोनवर पोचला, तर आत्याला वाटणारच की आपल्याला कुणी बोलावलं नाही, नुसतं कळवलं. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आठ महिन्यांत घरात सुतक येऊ शकतं, आजीला दवाखान्यात हलवावं लागू शकतं. २०२० च्या एप्रिल-मेमधल्या किती लग्नांच्या छापून झालेल्या पत्रिका तशाच पडून राहिल्या आणि पुढे पन्नास माणसांच्या मर्यादेत कार्यं उरकावी लागली, ते आपण पाहिलं आहे. ‘इतक्या आधी गवगवा नको’ असं म्हणणाऱ्या आजोबांच्या मनात दृष्ट लागण्याची धास्ती असेलही. पण त्यामागे अनुभवही आहे.

तरीही आमचा कौल आधी कळवण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं पहिलं कारण पंचांगातच सापडतं. २०२६ चंच उदाहरण घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे सुटीतला ऐन हंगाम मुहूर्तांविना जातो. दिवाळी थेट ८ नोव्हेंबरला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं होईतो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडतो आणि १६ डिसेंबरच्या सुमाराला धनुर्मास लागतो. धनुर्मासात कार्य न करणाऱ्या घरांना वर्षअखेरीला मिळतात जेमतेम तीन आठवडे, आणि त्यातही मुहूर्ताचे दिवस मोजकेच. एकाच आठवड्यात तीन-तीन लग्नं आली की पाहुण्याला कुठलं तरी एक निवडावं लागतं. कार्यालय दोन स्टेशनं पलीकडे असतं तेव्हा सकाळी एका लग्नाला आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या स्वागत समारंभाला जाता यायचं. गोव्यात तीन दिवस मुक्काम असेल तर ती सोय राहत नाही.

दुसरं कारण प्रवासाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. काहीजण म्हणतात, तिकीटच दोन महिने आधी निघतं, मग तारीख आठ महिने आधी सांगून उपयोग काय? उपयोग आहे, कारण खिडकी अरुंद झाली की तयारी आधीच लागते. समजा, पाहुण्यांनी ८ डिसेंबरला मुंबईहून निघायचं आहे. त्या गाडीचं आरक्षण ९ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडणार. डिसेंबरात मांडवी किंवा कोकणकन्या पकडायची, तर त्या सकाळी कुटुंबातलं कोण येणार, किती तिकिटं काढायची, हे ठरलेलं असायला हवं. त्यासाठी रजा मंजूर हवी, शाळेची परीक्षा कधी ते माहीत हवं, आजीला बसून प्रवास झेपेल की झोपूनच न्यावं लागेल याचा विचार व्हायला हवा. परदेशातल्या नातेवाइकांचं गणित आणखी लांबचं. अमेरिकेतल्या भाच्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर भारतात आल्यावर परत जाण्याआधी त्याला वकिलातीत वेळ मिळवावी लागते. त्याला आठ-दहा महिने आधी सांगणं योग्यच. सांगलीच्या काकांना चार-पाच महिने पुरतात.

आता ज्यावरून रुसवेफुगवे होतात त्याकडे येऊ. आपल्या पत्रिकेत आग्रह ओतप्रोत असतो. अगत्य येण्याचं करावं, सहकुटुंब सहपरिवार यावं, नजरचुकीने आमंत्रण राहिलं असेल तरी हेच समजून यावं. गावातल्या कार्यालयात हे शोभून दिसतं, कारण पाहुण्याचा एक दिवस आणि बसचं तिकीट एवढाच खर्च असतो. पंगतीत चार पानं वाढली तरी निभावतं. रिसॉर्टमधल्या साठ खोल्यांत चार पानं वाढत नाहीत. आणि चौघांच्या कुटुंबाला गोव्याला येणं-जाणं, तीन दिवसांची रजा, कपडे, आहेर धरून महिन्याच्या पगाराला चांगलाच चाट बसतो. अशा वेळी आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या खिशावर आग्रह करणं. नाही म्हणायला त्याला संकोच वाटतो, हो म्हणायला परवडत नाही, आणि मग ऐन वेळी ‘मुलाला ताप आला’ असं काहीतरी सांगावं लागतं. रिकाम्या खोलीचे पैसे यजमानाने भरलेले असतातच. दोघांच्याही मनात अढी बसते.

म्हणून या कार्डात आग्रहाऐवजी माहिती असावी, आणि न येण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी. कार्डावरचा मजकूर साधारण असा असू शकतो: ‘आमच्याकडचं लग्न ९ आणि १० डिसेंबरला दक्षिण गोव्यात आहे. जवळचं स्टेशन मडगाव. ९ ला संध्याकाळी हळद आणि सीमांतपूजन, १० ला लग्न. आपण आणि वहिनी, दोघांच्या दोन रात्री राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे आहे. प्रवासाचं तिकीट मात्र आपलं आपण काढावं. येणं जमेल की नाही ते १५ सप्टेंबरपर्यंत कळवावं. जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नये. पुण्यात २० डिसेंबरला स्वागत समारंभ आहे, तिथे भेटूच. पत्रिका घेऊन घरी येतोच आहोत.’ यात फोटो हवा तर घालावा. पण फोटो आहे आणि राहण्याचा खर्च कुणाचा ते लिहिलेलं नाही, असं कार्ड पाठवूच नये. ‘दोघांच्या’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो, आम्हाला कल्पना आहे. सहपरिवार म्हणायची सवय असलेल्या माणसाला तो कोरडा वाटतो. तरी नंतर दारात खोल्या मोजत उभं राहण्यापेक्षा तो आत्ताच लिहिलेला बरा.

क्रमाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. आधी दोन्ही व्याह्यांनी बसून यादी एक करावी, मुहूर्त गुरुजींकडून पक्का करून घ्यावा, खोल्यांची आगाऊ रक्कम भरून पावती हातात घ्यावी. तोवर कुणालाही तारीख सांगू नये. मग मामा, आत्या, काका, मावशी यांना आईवडिलांनी स्वतः फोन करावा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी कार्ड पाठवावं. आत्याला बातमी भावाच्या तोंडून कळली की कार्डाचं तिला काही वाटत नाही. मित्रमंडळींना मुलांनी परस्पर पाठवलं तरी चालेल. ज्याला हे कार्ड गेलं त्याला पत्रिका गेलीच पाहिजे, याला अपवाद नसावा. कागदावर छापण्याची गरज आम्हाला दिसत नाही. छापायची ती पत्रिका. फोनवर पाठवताना साधं चित्र किंवा पीडीएफ पाठवावी. लग्नाच्या आमंत्रणाच्या नावाखाली ॲपची फाइल धाडून बँक खाती रिकामी करण्याच्या प्रकारांबद्दल पोलिसांनी इशारे दिलेले आहेत, त्यामुळे अनोळखी दुवा उघडायला लोक आता बिचकतात आणि ते बरोबरच आहे.

एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. लग्न गोव्याला नेलं की यादीतून सर्वांत आधी गळतात ती माणसं ठरलेली असतात: मुलीला लहानपणी सांभाळलेल्या मावशी, शेजारचं वयस्क जोडपं, गावाकडचे वाटेकरी. कार्यालयात लग्न असतं तर ही मंडळी सकाळी सातला येऊन कामाला लागली असती. यांच्यासाठी मोकळीक देणारा मजकूर पुरत नाही, कारण खर्चाचं कारण ते कधी तोंडाने सांगणार नाहीत. त्यांना कार्ड घरी जाऊन दाखवावं, आणि येण्या-जाण्याच्या तिकिटासकट सगळी सोय यजमानांनी करावी. सजावटीतल्या फुलांच्या दोन कमानी कमी करून हे सहज होतं. तेही झेपत नसेल, तर जागा गोव्याहून अलिबागला किंवा कर्जतला आणता येते का, हा विचार पावती फाडण्याआधी व्हायला हवा.