गणपतीआधी चेंबरचं झाकण उघडा

श्रावण लागला की कोकणातली बंद घरं उघडायला सुरुवात होते. जळमटं निघतात, भिंतींना रंगाचा हात लागतो, माटवीचं सामान माळ्यावरून खाली येतं. संडासाची टाकी मात्र कुणाच्याच यादीत नसते. मग घर माणसांनी भरलेलं असताना, ऐन सणात, भांड्यातलं पाणी उतरेनासं होतं आणि न्हाणीघराच्या जाळीतून घाण वर येते. त्या घाईत कुणी ॲसिड ओततं, कुणी टाकी उपसणारी गाडी शोधतं आणि कुणी गावातल्या एखाद्या गरजू माणसाला चार पैसे देऊन टाकीत उतरवतं. पहिल्या दोन उपायांनी बहुतेक वेळा पैसे वाया जातात. तिसऱ्यानं जीव जातो. म्हणून माझा आग्रह आहे: दोष नेमका कुठे आहे हे आधी शोधा, मगच टाकीकडे वळा. आणि टाकीत माणूस कधीही उतरवू नका.

सुरुवात वासापासून करू. घर उघडताच दुर्गंधी आली की टाकी भरल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो. खरं कारण बहुधा जाळीखाली असतं. तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी कायम राहावं लागतं, कारण पाइपातला वायू तेच अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते पाणी आटतं आणि वायूला वाट मिळते. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि भांड्यात पाणी ओता. तासाभरात वास गेला, तर काम संपलं. परत निघताना ट्रॅपमधल्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा, म्हणजे पाणी लवकर आटत नाही.

पाणी तुंबत असेल तर एकच प्रश्न विचारा: एका ठिकाणी तुंबतंय की सगळीकडे? फक्त बेसिन किंवा फक्त मोरी तुंबली, तर दोष तिथल्या तिथे आहे: केस, साबणाचा थर, चहाचा चोथा, गोठलेलं तेल. ट्रॅप उघडून हातानं साफ करा. पण न्हाणीघरात बादली ओतल्यावर शेजारच्या भांड्यात गुडगुड झाली, किंवा तळमजल्यावर सगळीकडेच पाणी चढलं, तर अडथळा सगळ्यांच्या सामाईक पाइपात किंवा त्याच्याही पुढे आहे.

आता बाहेर या. घरापासून टाकीपर्यंतची चेंबरं ओळीनं उघडा. एकानं भांड्यात नीळ कालवलेलं बादलीभर पाणी ओतायचं, दुसऱ्यानं चेंबरशी उभं राहायचं. चेंबर कोरडं आणि निळं पाणी आलंच नाही, तर अडथळा घर आणि त्या चेंबरच्या मध्ये आहे. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल, तर तो पुढे आहे. भरलेल्या आणि कोरड्या चेंबरच्या मधल्या पाइपात कांब किंवा बांबूची चीप सरकवली की बहुतेक वेळा सॅनिटरी पॅड, चिंधी किंवा झाडाची मुळं हाताशी लागतात. तोच पाइप दरवर्षी तुंबत असेल, तर गवंड्यानं त्याला पुरेसा ढाळ दिलेला नाही. पाइप उकरून नीट बसवण्याला पर्याय नाही.

शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तरच टाकीचं झाकण उघडा. उघडल्यावर मागे सरा, काही वेळ थांबा, तोंड आत घालून वाकू नका, जवळ विडी-काडी पेटवू नका. टाकीतला मिथेन पेट घेतो. आता पाण्याची पातळी लांबूनच बघा. टाकीत पाणी दिसणं हा बिघाड नव्हे. चांगली चालणारी टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत बाराही महिने भरलेलीच असते. आत येणारा पाइप त्याहून दोनेक इंच वर असतो. पातळी नेहमीचीच आहे आणि चेंबर तरी तुंबलेलं आहे, तर आत येणाऱ्या पाइपाच्या ‘टी’ आकाराच्या जोडात मैल्याची वर तरंगणारी घट्ट साय बहुधा अडकली आहे. बाहेरून लांब काठीनं ती मोकळी होते. येणारा पाइपच पाण्याखाली गेला असेल, तर बाहेर जाणारा ‘टी’ किंवा टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा अडला आहे.

भाद्रपदात बहुतेक वेळा शोषखड्डाच दोषी ठरतो. जमीन पावसानं तुडुंब असते, खड्ड्यातलं पाणी मुरायला जागाच नसते. त्यात पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर वीस माणसांचा भार येतो. अशा वेळी गाडी बोलावून टाकी उपसली, तर खड्ड्यातलं पाणी उलटं टाकीत येतं आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. टाकी प्लॅस्टिकची असेल, तर ओल्या जमिनीत रिकामी टाकी वर उचलली जाऊन पाइप तुटतात. म्हणून सणापुरता उपाय एकच, टाकीत जाणारं पाणी कमी करा. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी पूर्वीसारखं परसातल्या केळी-माडांकडे वळवा. पागोळीचं पाणी चेंबरला जोडलेलं नाही ना, हे आवर्जून बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी होतं. एवढं पाणी टाकीत घुसलं की तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो, मातीची छिद्रं बुजवतो आणि खड्डा कायमचा निकामी करतो.

ॲसिडनंही असंच नुकसान होतं. टाकीतला मैला जिवाणू कुजवतात आणि ॲसिड त्यांनाच मारतं. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

उपशाचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. लांब काठीच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळून ती टाकीच्या तळापर्यंत सोडा आणि हळूच वर काढा. फडक्यावर काळ्या गाळाची उंची उमटते. गाळ आणि वरची साय मिळून एक तृतीयांश खोली व्यापली असेल, तर गाडी बोलवा. मोजायचं नसेल, तर दर दोन-तीन वर्षांनी उपसा ठरवूनच टाका.

उपसा यंत्रानंच करायचा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पाडतो. उतरणाऱ्याला धोका कळत नाही. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. 2013 च्या कायद्यानं अशा जीवघेण्या सफाईला माणूस लावणं हा गुन्हा ठरवला आहे. त्यात घरमालकही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, 2023 मध्ये ती तीस लाख केली. भरपाईनं त्या घरातला माणूस परत येत नाही. ‘तो स्वतःच तयार झाला’ हे उत्तर मला मान्य नाही. तो तयार झाला, कारण त्याला पैशांची गरज होती आणि आपल्याला घाई होती.

हे ओझं एकट्या घरमालकावर टाकूनही चालणार नाही. पाखाडीवरच्या घरापर्यंत गाडीच पोचत नसेल, तर नुसत्या कायद्याचा काय उपयोग? वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी तुंबण्याची वाट न पाहता घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या चक्रानं उपसायची पद्धत सुरू केली आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रियेची सोय केली. गावांनाही हे जमायला हवं. तालुक्याला एक गाडी, लांब नळी, ठरलेलं वेळापत्रक आणि मैला ओढ्यात न ओतता प्रक्रियेला नेण्याची हमी, एवढं चार-पाच ग्रामपंचायती मिळून मागू शकतात. गणपतीत सगळी वाडी एकत्र असते, बैठकही होतेच. त्या बैठकीत घरटी टाक्यांची यादी करा, कुठली शेवटची कधी उपसली ते लिहा आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती यादी ठरावासह मांडा.