शुद्ध हरपताच हरपणारी मुखत्यारी!

म्हातारपणाची काठी म्हणून आपल्याकडील कितीतरी वृद्ध कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात. स्टँपपेपर येतो, साक्षीदार येतात, सही होते आणि बिचारे निर्धास्त होतात. उद्या स्मृतिभ्रंश जडला वा पक्षाघाताने शुद्ध हरपली, तर मुलगा किंवा मुलगी बँकेचा व्यवहार पाहील, औषधपाण्याचा खर्च भागवील, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत साफ चुकीची आहे! १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २०१ वे कलम सांगते की, अधिकार देणारा मनोविकल झाला की प्रतिनिधीचा अधिकार संपला. धडधाकट माणसाच्या हाती काठी द्यावयाची आणि त्याचा तोल जाताच ती काढून घ्यावयाची, याला का न्याय म्हणावयाचे?

ज्या इंग्रजी न्यायपरंपरेतून हे कलम आले, त्या इंग्लंडने १९८५ सालीच नवा कायदा करून शुद्ध हरपल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने तर ही वाट १९५४ सालीच मोकळी केली. आम्ही मात्र धन्याने टाकलेला जुना अंगरखा अजून अंगावरून उतरवावयास तयार नाही!

आमच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावरील उपचारांबाबत आगाऊ लिहून ठेवण्याची सोय केली, हे खरे. परंतु रुग्णाचे घर, जमीन, ठेवी कोणी सांभाळावयाच्या? त्यावर तो कायदा मूक आहे. म्हणून बेशुद्ध पतीच्या उपचारासाठी त्याचाच पैसा मिळावा याकरिता पत्नीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा रुग्णांच्या पालकनियुक्तीसाठी सूत्रे घालून दिली. पण खेड्यातील म्हातारीने वकिलाची फी कोठून आणावी?

लोभी नातलग अशा पत्राचा गैरवापर करतील, असा आक्षेप येईल. भय खरे आहे, पण त्यावर उपाय आहे. २००५ च्या इंग्लिश कायद्यानुसार सही करणारा समजून-उमजून व दडपणावाचून सही करीत आहे, असा त्रयस्थाचा दाखला लागतो आणि सरकारी नोंदणीवाचून ते पत्र वापरताच येत नाही. उंदरांच्या भयाने कोणी पेरणी सोडून देतो काय?

संसदेने २०१ व्या कलमात दुरुस्ती करावी आणि नोंदणीकृत, टिकाऊ मुखत्यारपत्रास मान्यता द्यावी. ती होईपर्यंत वाचकांनी कागदावर विसंबून न राहता, शुद्ध शाबूत असतानाच वकिलाच्या सल्ल्याने विश्वस्तपत्रासारखी तजवीज करावी. आपला विश्वास कोणावर ठेवावा, हे ठरविण्याचा हक्क माणसाचा आहे. तो आजारपणाने हिरावला जाता कामा नये!