चुकांसकट किर्चर

या अंकाचा नायक अनेकदा चुकला, म्हणूनच तो आम्हाला जवळचा वाटतो. अथानासियस किर्चर (१६०२–१६८०) हा रोममधला जर्मन जेझुइट पाद्री. ज्वालामुखी, संगीत, चुंबक, चिनी संस्कृती, सगळ्यात त्याला रस. १६३८ मध्ये हा गृहस्थ चक्क व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या विवरात उतरला! रोममध्ये प्लेग आला तेव्हा त्याने रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि १६५८ च्या ग्रंथात लिहिलं, की हा रोग सूक्ष्म जीवांमुळे पसरतो. त्याला दिसल्या बहुधा रक्तपेशीच, पण तर्क बरोबर निघाला. इजिप्तच्या चित्रलिपीचं त्याचं वाचन मात्र साफ फसलं. (आत्मविश्वास दांडगा, हे सांगायला नकोच.) तरीही कॉप्टिक भाषेचं नातं प्राचीन इजिप्शियनशी आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोल्याँला ती लिपी उलगडताना कॉप्टिकचाच आधार झाला.

आपल्यासाठी एक खास गोष्ट. १६६७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या चीनविषयक ग्रंथात देवनागरी अक्षरांचे तक्ते आहेत. ते त्याला आग्र्यात राहिलेल्या हाइनरिश रोथ या पाद्र्याकडून मिळाले होते.