काळे हात आणि रिश्ता

खडकवासल्याहून दोणज्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं पंधरा गुंठ्यांचं भाताचं खाचर आहे. खाचराच्या बांधाला लागून एक पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये भट्टी. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालो, तेव्हापासून रविवारी फजरनंतर मी ही भट्टी पेटवतो. कोणी विचारलं तर ‘छंद’ म्हणून सांगतो. आमच्या दादांच्या कानावर हा शब्द गेला असता तर ते हसले असते. ज्या कामावर त्यांनी नऊ माणसांचं घर चालवलं, ते काम नातू हौसेखातर करतो, आणि वर कोळशाचे पैसे पेन्शनमधून घालतो!

भट्टीत थाटमाट काही नाही. ऐरण म्हणजे रुळाचा दोन फुटी तुकडा, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला आणि बाभळीच्या ओंडक्यावर खिळवलेला. दादांच्या वेळी कातड्याचा भाता होता. तो ओढायला एक माणूस लागायचा आणि तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातलं पोर. माझ्याकडे हाताने फिरवायचा पंखा आहे. दोन सांडश्या, तीन हातोडे, एक घण, पाण्याची बादली आणि करंजाच्या तेलाचा डबा. बस्स.

लोखंड भंगारातलं. लोकांना वाटतं, लोखंड म्हणजे लोखंड. तसं नसतं. खिडकीच्या गजाचा विळा केला तर तो दिसायला विळा होतो, पण दोन वाफे कापले की बोथट. त्यात कार्बन इतका कमी असतो की कितीही तापवा आणि विझवा, धार टिकत नाही. विळ्या-कोयत्याला जीप-ट्रकच्या कमानीचा पाटा हवा. कुठला तुकडा कशाचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. ग्राइंडरच्या चाकाला लावून ठिणग्या पाहायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि विरळ पडतात. पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. आमच्या नातवाला हा खेळ इतका आवडतो की घरातली प्रत्येक सळई तो चाकाला लावायला निघतो. त्याच्या दादीचा उलथणाही एकदा थोडक्यात वाचला.

मग येतं ‘पाणी देणं’. या कामातली सगळी अक्कल इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. धार ठोकून झाली की विळा पुन्हा तापवायचा. लाल होतो, मग चेरीसारखा होतो. साधारण पावणेआठशे अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, म्हणून मी दोरीला एक चुंबक बांधून जवळ ठेवलंय. दादा नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे, आणि त्यासाठी भट्टी मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे. उन्हात रंग फसवतो. चुंबकाने सोडलं की अजून थोडा ताव द्यायचा आणि तेलात बुडवायचा. आता विळा काचेसारखा कडक झालेला असतो. काचेसारखा म्हणजे फरशीवर पडला तर तुटेल असा. हा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पातं घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवर धरायचं. चकचकीत लोखंडावर रंग चढत जातात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. दोनशे वीस ते तीनशे अंशांच्या आतला हा सगळा खेळ, आणि चालतो जेमतेम मिनिटभर. विळा तपकिरीवर थांबवायचा. कुऱ्हाडीला घाव सोसायचे असतात, ती जांभळ्यावर. स्प्रिंगला निळा. रंग एक पायरी पुढे गेला की विळा मऊ पडला, पुन्हा पहिल्यापासून सगळं करा.

हा विळा वापरतो कोण? भातकापणीच्या आधी आजूबाजूच्या बाया येतात. पूर्वीइतक्या नाहीत. 2021 मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत गेलं. पण कागदावर शहर व्हायच्या आधीच खाचरांत प्लॉट पडायला लागले होते. माझ्या खाचराच्या तिन्ही बाजूंना आता बंगल्यांच्या भिंती आहेत. तरी चौथ्या बाजूला इंद्रायणी भात अजून होतो आणि ज्यांचा होतो त्या विळे घेऊन येतात. बाजारात कारखान्याचा दातेरी विळा स्वस्तात मिळतो, मग जुना का पाजवून घ्यायचा? शेजारच्या वहिनींनी हे मला चांगलं समजावलं. त्या डावखुऱ्या आहेत. दुकानातल्या विळ्याचे दाते आणि धार उजव्या हाताच्या हिशेबाने काढलेली असते. डाव्या हाताने ओढला की विळा धाटात न शिरता वर सरकतो आणि मनगट भरून येतं. लग्न होऊन आल्यापासून त्या उलट्या धारेनेच भात कापत होत्या. मी त्यांना धार दुसऱ्या अंगाने काढून एक विळा करून दिला. मजुरी म्हणून पायलीभर तांदूळ आले. बलुतं म्हणतात ते हेच की! गावच्या लोहाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, सुताराला मिळायचा, बऱ्याच गावांत मुलाणीलाही मिळायचा. त्या बदल्यात वर्षभर फाळ, खुरपी, कुळवाची पास लोहाराने बघायची. त्या व्यवहारात उच्चनीचतेचा जाच भरपूर होता, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण कोणाचा हात डावा आहे, हे त्या लोहाराला माहीत असे.

आता आपल्या घरांकडे येतो. या मासिकाच्या वाचकांत शिकलगार असतील, नालबंद असतील. ‘सैकल’ हा अरबी शब्द, म्हणजे घासून लकाकी आणणं. तलवारींना धार आणि झळाळी देणारा तो सैकलगर; मराठीच्या जिभेवर त्याचा शिकलगार झाला. ‘नाल’ही अरबीच. पायात घालायचं ते नाल आणि ते बांधणारा नालबंद. घोड्याच्या पायाला अखंड नाल लागतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन पत्र्या, चार पायांना आठ. दादा एका बैलाच्या आठ पत्र्या दुपारच्या आत ठोकायचे, आणि बैल उठून चालायला लागला की त्याच्या चालीकडे बघत उभे राहायचे. खिळा कणभर आत गेला असेल तर बैल पहिल्या चार पावलांत सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

हा धंदा एका दिवसात बुडाला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची, त्यामुळे सुरुवातीला तो खपेचना. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव गेला. फाळ कारखान्यातून यायला लागला. मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पत्र्या संपल्या. शिकलगार गल्लीबोळांतून सायकलवर चाक बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरू लागला. मुलं शिकली, नोकरीला लागली. त्यात वाईट काही नाही. माझ्या अब्बांनी मला आयटीआयला घातलं म्हणून तर पेन्शन मिळते. पण आडनाव राहिलं, काम गेलं, आणि काम गेल्यावर काही घरांत त्या कामाची लाज येऊन बसली. ही लाज मात्र मला कळत नाही.

मागच्या महिन्यात ती आमच्याच घरात दिसली. धाकट्या बहिणीची मुलगी डी.एड. करून शाळेत शिकवते. तिच्यासाठी एक रिश्ता आला. मुलगा धायरीत फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो: गेट, ग्रिल, जिने, शेड. स्वतः वेल्डिंग करतो, हाताखाली दोन मुलं आहेत. घर चांगलं, नमाजी. बहिणीला पसंत, मुलीलाही फोटो आवडलेला. मेहुण्यांच्या थोरल्या भावाचं मात्र एकच पालुपद: “मुलगी शिक्षिका, आणि हा लोहारकाम करतो. लोक काय म्हणतील?” वर हदीसही ऐकवली. चांगली संगत अत्तरवाल्यासारखी आणि वाईट संगत भाता फुंकणाऱ्यासारखी. तो एक तर कपडे जाळेल, नाही तर धूर नाकात जाईल. “भाईजान, तुम्हीच काय ते सांगा,” असा बहिणीचा फोन आला. घरात लोखंड तापवणारा मी एकटाच, म्हणून कौल माझ्याकडे!

हदीस खरी आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. पण ती संगतीबद्दल आहे, धंद्याबद्दल नाही. भात्याशेजारी बसलं की कपड्यावर ठिणगी उडते हे मला कोणी सांगायला नको, माझ्या दोन सदऱ्यांना भोकं आहेत. धंद्याबद्दल बघायचं असेल तर त्याच ग्रंथांत अबू सैफ यांचा प्रसंग आहे. ते मदीनेतले लोहार. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांना दूध पाजणारी दाई ही या अबू सैफ यांची पत्नी. प्रेषित (स.) आपल्या बाळाला बघायला तिथे जात. हजरत अनस (रजि.) सांगतात की एकदा घर धुराने भरलेलं होतं, अबू सैफ भाता फुंकत होते, तेव्हा अनस (रजि.) पुढे धावले आणि त्यांना हात थांबवायला सांगितलं. लोहाराचं ते धुराचं घर प्रेषितांच्या (स.) लेकराचं घर झालं होतं. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि त्यांना चिलखतं घडवायला सांगितलं, हे कुरआनात आहे. तिथे कड्यांचं माप नीट ठेवायचाही हुकूम आहे. कारागीर म्हणून मला ही बाब नेहमी थक्क करते. माप नीट ठेव, हे पैगंबरालाही सांगितलं गेलं.

आणि हजरत खब्बाब (रजि.). ते मक्केत लोहारकाम करीत, तलवारी बनवीत. आस बिन वाइलकडे त्यांची मजुरी थकली होती. ते मागायला गेले तर तो म्हणाला, आधी मुहम्मदाला (स.) नाकार, मग देतो. खब्बाब (रजि.) यांनी नकार दिला. पुन्हा जिवंत झाल्यावर माझ्याकडे धन-संतती असेलच, तेव्हा फेडीन, अशी त्याने थट्टा केली. सूरह मरयमच्या काही आयतींमागे हा प्रसंग आहे. मी हे बहिणीला सांगितलं आणि म्हटलं, हाताच्या रंगाचा विषय सोडा. मुलगा मजुरी कशी घेतो आणि कशी देतो, ते बघा. फॅब्रिकेशनच्या धंद्यात बुडतात ते उधारीमुळे. गेट लावून होतं आणि बिल्डर महिनोन्‌महिने पैसे देत नाही. त्यात हाताखालच्या पोरांचा आठवडा थकतो, त्या पोरांच्या घरचा किराणा थकतो.

मी दुकानात जाऊन आलो. आधी न कळवता, गिऱ्हाईक म्हणून. एक तयार गेट भिंतीला टेकवलेलं होतं. पुढून सगळेच चांगलं करतात, म्हणून मी बिजागरीच्या मागची बाजू पाहिली. रंग लागला की तिकडे पुन्हा कोणी बघत नाही. वेल्डचे थर एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे बसलेले. मळी ठोकून साफ केलेली, भोक नाही, खाच नाही. हिशेबाची वही टेबलावर उघडी होती. दोन्ही पोरांचा पगार दर शनिवारी, समोर सह्या. थकलेली बिलं मात्र तिसऱ्या पानावर लांबलचक होती. त्याबद्दल मी त्याला नंतर ओळख देऊन स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, “मामू, आता निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मटेरियल कापत नाही.” हे मी बहिणीला जसंच्या तसं कळवलं, थकबाकीसकट. काका अजून नाराज आहेत. असोत.

मग दोन्ही घरं भेटली. रीतीप्रमाणे मुलाला आणि मुलीला थोडा वेळ बोलू दिलं, आम्ही मोठी माणसं जरा अंतरावर बसलो. भाचीने काय काय विचारलं ते तिचं तिला माहीत, पण एक प्रश्न आमच्यापर्यंत आला. तिच्या शाळेतल्या एका मुलाचे अब्बा वेल्डर आहेत. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणून ते बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात, हे त्या मुलाने तिला सांगितलेलं. तिने विचारलं, “तुम्ही काळी काच लावता का? रोज?”

त्याने सांगितलं की टाके घालतानाही लावतो, आणि पोरांनी लावली नाही तर मशीन बंद करतो. तिने पुढे विचारलं, जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपांचं काय? त्याचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो म्हणे. यावर तो जरा गप्प झाला. मुलामा आधी घासून काढायला हवा आणि काम उघड्यावर करायला हवं, घाईत कधी कधी राहून जातं, असं त्याने कबूल केलं. भाचीने मान हलवली आणि चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. निकाहची तारीख ठरली आहे. त्याआधी दुकानात धूर ओढणारा पंखा बसणार आहे, आणि त्याची चौकट मी माझ्या भट्टीत ठोकतोय.