स्मार्ट लॉक बसवताय? वीज गेल्यावर दार कसे उघडेल, ते आधी पाहा

मुले पुण्याला नोकरीत, आई-वडील नांदेड-लातूरच्या घरी. अशा कुटुंबांना मोबाइलवरून उघडणारे स्मार्ट लॉक सोयीचे वाटते. घेण्याआधी हे तपासा.

वीज गेल्यास : बहुतेक लॉक पेन्सिल सेलवर चालतात. बोटाचा ठसा, पिन चालतो. पण वाय-फाय बंद पडल्याने पुण्याहून दार उघडत नाही.

सेल संपल्यास : बाहेरून टाइप-सी केबल लावायची सोय आणि साधी चावी, दोन्ही असलेलेच मॉडेल घ्यावे.

ठसा : कष्टाने, वयाने झिजलेली बोटे मशीन अनेकदा ओळखत नाही. आई-वडिलांसाठी पिन हवाच.

बसवताना : दाराची जाडी मोजावी. आतून नुसते हँडल फिरवताच दार उघडायला हवे. १९९३ चा किल्लारी भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. अशा वेळी अंधारात पिन आठवत बसता येत नाही.